रात्रभर उभ्या मोटारीची कैफियत

दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींत राहणाऱ्या मोटारमालकांकडून एक तक्रार वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते: गाडी दिवसभर उत्तम चालते, उड्डाणपुलाच्या चढावर दम टाकत नाही, पेट्रोलही बेताने खाते, परंतु सकाळी पहिल्या वेळी सुरू करताना मात्र तीन-तीनदा सेल्फ मारावा लागतो, सुरू झालीच तर ती सर्वांगाने थरथरते, मिसिंग मारते, गल्लीच्या तोंडाशी येईतो एकदोनदा बंद पडते, आणि त्यानंतर काहीच घडले नव्हते अशा थाटात सुरळीत चालू लागते. या तक्रारीवर सर्रास जो इलाज केला जातो तो असा की, प्रथम प्लग बदलावे, त्याने गुण न आला तर बॅटरी बदलावी, मग कॉइल, मग पेट्रोलचा पंप, आणि सगळे बदलून झाल्यावर गाडीच जुनी झाली असा निवाडा देऊन ती विकून टाकावी. या क्रमात पैसा जातो हे दुःख आहेच. पण त्याहून मोठे दुःख हे की, ज्या दोषाने आपला ठावठिकाणा इतका स्पष्ट सांगितला होता, त्याची जबानी घेण्याची तसदी कोणी घेतलेली नसते. जो दोष केवळ सकाळी प्रकट होतो आणि पाचदहा मिनिटांत नाहीसा होतो, त्याचे मूळ रात्रीच्या आठदहा तासांत गाडीत जे बदल घडतात त्यांतच शोधले पाहिजे. आणि ते बदल मोजकेच असल्यामुळे, रात्रीने नेमके काय बदलले, या एकाच प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला असता एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी बहुतेक वेळा दोषापर्यंत पोहोचता येते.

त्यासाठी प्रथम इंजिनाची मागणी काय असते ते समजून घेतले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनाला ज्वलनासाठी चार गोष्टी लागतात: बेताची हवा, वाफेच्या रूपातले पेट्रोल, नेमक्या क्षणी पडणारी जोरकस ठिणगी, आणि मिश्रण दाबून धरू शकेल असा घट्ट सिलिंडर. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्यामुळे त्यातील हलके घटक तळहाताच्या उबेनेही उडून जातात, तर जड घटकांची वाफ होण्यास दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. घासलेटचा स्टो पेटवताना आधी काकड्याने बर्नर तापवावा लागे आणि तो पुरेसा तापला नसेल तर निळ्या ज्योतीऐवजी पिवळा धुरकट भडका उडे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना गार इंजिनाची अडचण वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तापलेल्या इंजिनात वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण आदर्श मानले जाते. परंतु इंजिन गार असताना आत सोडलेल्या पेट्रोलपैकी थोड्याच भागाची वाफ होते आणि उरलेले नळीच्या व सिलिंडरच्या भिंतींना ओलावा बनून चिकटते, म्हणून त्या वेळी पेट्रोल मुद्दाम जादा द्यावे लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम चालक चोक ओढून स्वतःच्या अंदाजाने करीत असे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ते संगणक करतो, आणि तेही इंजिनातील पाण्याचे तापमान सांगणाऱ्या एका लहानशा सेन्सरच्या साक्षीवर सर्वस्वी विसंबून करतो.

याच ठिकाणी निरोगी आणि सदोष वर्तनातला भेदही सांगून ठेवणे इष्ट होईल. सकाळी सुरू होताच इंजिन मिनिटाला हजार-बाराशे किंवा त्याहूनही अधिक फेरे घेते आणि हळूहळू सातशे-आठशेवर उतरते, ही आधुनिक गाडीची नियमित चाल असून धुराड्यातील उत्प्रेरक लवकर तापावा हा तिचा एक हेतू असतो. पहिल्या मिनिटातला तो मोठा आवाज ऐकून कोणी कारागिराकडे धाव घेण्याचे कारण नाही. तपास करावयाचा तो सेल्फ लांबण्याचा, थरथरण्याचा, ठोके चुकण्याचा आणि बंद पडण्याचा.

आता आपल्या शहराकडे वळू. मोटारीवरची जी पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली गेली, त्यांत सकाळच्या या दुखण्याचे खापर थंडीवर फोडलेले असते, आणि ज्या देशांत रात्रीत रस्त्यावर बर्फ साठतो त्या देशांत ते यथार्थही आहे. परंतु सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले नीचतम तापमान, जानेवारी १९६२ मधले, ७.४ अंश आहे. एरवी जानेवारीतल्या रात्रीही पारा सरासरीने सोळा-सतराच्या आसपास असतो. एवढ्या थंडीने सुस्थितीतील इंजिन अडत नाही. तेव्हा दादरमध्ये सकाळी अडणाऱ्या गाडीबाबत थंडी हे कारण जवळजवळ बाजूला ठेवून रात्रीच्या इतर चार कृत्यांचा विचार केला पाहिजे: रात्र बॅटरीतील वीज कमी करते, रात्र दमटपणा साठवते, रात्र पेट्रोलच्या नळीतील दाब उतरवते, आणि रात्र तेलाला किंवा पाण्याला जेथे जाण्याची मुभा नाही तेथे झिरपण्यास पुरेसा अवधी देते.

या चारही गोष्टींना दादरची वस्ती विशेष अनुकूल आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली तेव्हा रुंद रस्ते, मोकळ्या जागा आणि दुतर्फा झाडी यांचा त्या योजनेत उदार विचार झाला. परंतु ज्या मजलेदार इमारती पुढे तेथे उभ्या राहिल्या, त्या प्रत्येक बिऱ्हाडाला एक मोटार असेल अशा हिशोबाने बांधलेल्या नव्हत्या. परिणामी हिंदू कॉलनीतील, पारशी कॉलनीतील किंवा शिवाजी पार्कच्या भोवतालची गाडी बहुधा रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, उघड्यावर उभी असते. पावसाळ्याचे चार महिने तिच्यावर झाडाची टपटप चालू राहते, आणि पश्चिमेकडील समुद्राचा खारा वारा तिच्या तारांच्या टोकांवर बारमाही काम करीत असतो. शिवाय दादर हे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांचे स्थानक असल्यामुळे येथला मनुष्य कामावर लोकलने जातो आणि मोटार रविवारी किंवा लग्नकार्यालाच काढतो. येथल्या गाडीची रात्र पुष्कळदा सहा दिवसांची असते, हे ध्यानात ठेवून पुढचा विचार केला पाहिजे.

पहिला संशयित बॅटरी. गाडी कुलूप लावून उभी असली तरी तिचे घड्याळ, तिचा गजर, तिच्या संगणकाची स्मृती यांना अखंड थोडी वीज लागते. हा खर्च पन्नास मिलिअँपिअर धरला तर दिवसाला सव्वा अँपिअर-तासाच्या जवळपास वीज जाते, आणि लहान गाडीची बॅटरी सुमारे पस्तीस अँपिअर-तासांची असल्यामुळे दहा दिवसांत तिचा एकतृतीयांश साठा उभ्या उभ्या संपतो. तिची परीक्षा अगदी सोपी आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू करण्यापूर्वी, मीटरने दाब मोजावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊणभर, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेल्यास तिच्याकडून सेवेची अपेक्षा करू नये. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरू नये, आणि इंजिन चालू असता तो साधारणतः १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. तसा नसल्यास दोष बॅटरीचा नसून तिला भरणाऱ्या अल्टरनेटरचा असण्याचा संभव आहे. मीटर नसेल तर दिवे लावून सेल्फ मारावा: दिवे पार मंदावले आणि सेल्फ रडल्यासारखा फिरला, तर वीज अपुरी आहे, दिवे तेजस्वी राहिले आणि सेल्फ उत्साहाने फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर बॅटरीला निर्दोष सोडून पुढे जावे.

परंतु बॅटरी दोषी ठरली म्हणून ती लगेच बदलण्याची घाई करू नये. खाऱ्या हवेत तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार जमतो आणि त्या क्षारामुळे बॅटरी भरलेली असूनही वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही. गाडी बंद करून प्रथम ऋण आणि मग धन तार सोडवावी, सोड्याच्या कोमट पाण्याने टोके स्वच्छ करून कोरडी करावी, तारा उलट क्रमाने घट्ट आवळाव्या आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तारही अशीच तपासावी. ती गंजली असता जे रोग उत्पन्न होतात ते मोठमोठ्या कारागिरांनाही चकवतात. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर पुष्कळ गाड्यांचा संगणक आयडलिंगचे शिकलेले प्रमाण विसरतो आणि गाडी थोडा वेळ अडखळते; त्याला नवा रोग समजू नये.

दुसरा संशयित दमटपणा, आणि मुंबईत त्याचा इतिहास मोठा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून जी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, त्या १०८९ सीसीच्या गाडीने मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या व कारागिरांच्या दोन-तीन पिढ्यांना इग्निशनचे संपूर्ण शिक्षण दिले. त्या गाडीत एका कॉइलमधून येणारा हजारो व्होल्टांचा दाब एका फिरत्या रोटरमार्फत चारही प्लगांना वाटला जाई. हे वाटप ज्या टोपीखाली होई तिला कारागीर डेल्को म्हणत. आषाढातल्या सकाळी त्या टोपीच्या आत बाष्पाचा पातळ थर बसला की वीज प्लगाची कठीण वाट सोडून ओल्या पृष्ठभागावरची सोपी वाट धरी आणि गाडी एकदोन सिलिंडरांवर खोकत राही. टॅक्सीवाला बॉनेट उघडून टोपी काढी, कोरड्या फडक्याने आतून पुसून परत बसवी, आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होई. पॉइंट घासणे, त्यांतले अंतर पात्याने मोजणे, प्लग तारेच्या ब्रशने साफ करणे ही विद्या रस्त्याच्या कडेला, परंतु कार्यकारणभावाच्या पक्क्या पायावर, हजारो हातांनी जोपासली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तिच्याबरोबर ती विद्या जाऊ नये, असे मनापासून वाटते.

कारण आजच्या गाडीत डेल्को नसला तरी दमटपणाचा स्वभाव तोच आहे. आता प्रत्येक प्लगावर स्वतंत्र लहान कॉइल आणि तिच्याखाली रबराचा मोजा असतो. तो मोजा चिरला, किंवा प्लगाच्या खोलगट घरात पावसाचे पाणी उतरले, की ठिणगी प्लगाच्या टोकाशी न पडता बाजूच्या धातूत उडी मारते, आणि इंजिनाच्या उष्णतेने ओल सुकताच गाडी शहाण्यासारखी चालू लागते. पावसाळ्यात वाढणारी आणि ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप बरी होणारी तक्रार बहुधा याच घरची असते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू असताना पाहिले तर चिरलेल्या तारेवर किंवा कॉइलवर निळसर ठिणगी नाचताना कधी कधी डोळ्यांना दिसते. मात्र पूर्वीच्या कारागिरांप्रमाणे चालू इंजिनाची प्लगची तार हाताने ओढून पाहण्याचा मोह आजच्या गाडीत कटाक्षाने टाळावा, कारण आजच्या कॉइलचा झटका अत्यंत जोरदार असतो. प्लग काढून पाहणे हे अधिक सुरक्षित आणि अधिक बोधप्रद आहे. त्याचे पोर्सिलीन फिकट तपकिरी असेल तर ज्वलन उत्तम. कोरडे, काजळीने काळे असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर. ओले आणि पेट्रोलच्या वासाचे असेल तर तेथे ठिणगी पडलेली नाही अथवा पेट्रोल गळत आहे. तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये तेल उतरते आहे. चारही प्लग काढल्यावर क्रमाने मांडून ठेवावे, म्हणजे वेगळा रंग कोणत्या सिलिंडराचा हे विसरले जात नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीला ठिणगी अधिक जोरदार लागते, म्हणून झिजलेला प्लग तेथे आधी उघडा पडतो.

तिसरा विषय पेट्रोलच्या दाबाचा, आणि आधुनिक गाड्यांत सकाळच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ येथेच सापडते. टाकीतला विजेचा पंप पेट्रोल साधारण तीन-चार किलो प्रतिचौरस सेंटिमीटर दाबाने इंजेक्टरांपर्यंत आणून ठेवतो, आणि गाडी बंद केल्यावरही हा दाब टिकून राहावा म्हणून पंपात परत न फिरू देणारी एक झडप असते. झडप झिजली तर रात्रभरात पेट्रोल टाकीकडे परत ओसरते; एखादा इंजेक्टर नीट मिटत नसेल तर तेच पेट्रोल थेंबाथेंबाने इंजिनात उतरते. दोन्ही प्रकारांत दाब जातो, परंतु त्यांची लक्षणे भिन्न असतात आणि हा भेद ज्याला कळला त्याचा मोठा खर्च वाचतो. पहिल्या प्रकारात सेल्फ लांबतो, परंतु इंजिन एकदा पेटले की स्वच्छ चालते आणि कोठेही वास येत नाही. दुसऱ्या प्रकारात सेल्फही लांबतो, सुरू होताच काळ्या धुराचा झोत आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो, काही सेकंद एक सिलिंडर चुकतो, आणि प्लग काढले तर त्यांतला एक ओला निघतो.

याची परीक्षा करण्यास एकही हत्यार लागत नाही. सकाळी किल्ली सेल्फपर्यंत न नेता केवळ 'ऑन'वर आणावी. मागच्या बाजूने पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐकू येईल. किल्ली बंद करावी, पुन्हा ऑन करावी, असे तीन वेळा करून मग सेल्फ मारावा. बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता 'ऑन'ची स्थिती येईपर्यंत बटण दाबले की हेच साधते. एरवी अडणारी गाडी अशा वेळी तत्काळ सुरू झाली, तर दाब रात्री उतरतो हे सिद्ध झाले. याउलट, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला असता गाडी अधिक सहज सुरू होत असेल, तर आत पेट्रोल फाजील झाले आहे असे समजावे, कारण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांचा संगणक या स्थितीत पेट्रोल तोडतो आणि आत केवळ हवा खेळू देतो. पहिल्या परीक्षेचा रोख पंपाकडे जातो, दुसरीचा गळक्या इंजेक्टराकडे.

पेट्रोलच्या वयाचाही विचार केला पाहिजे. महिनोन् महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमधले हलके घटक, म्हणजे सकाळी ज्यांच्यावर सारी भिस्त असते तेच, आधी उडून जातात. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; त्याची वाफ होण्यास पेट्रोलपेक्षा बरीच अधिक उष्णता लागते आणि हवेतली ओल शोषून घेण्याची त्याची प्रवृत्ती असते, म्हणून क्वचित चालणाऱ्या गाडीची टाकी जुन्या पेट्रोलने अर्धवट भरलेली ठेवणे हितावह नाही. सीएनजीच्या गाड्यांत तर हा प्रश्न अधिकच येतो: बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग वायूवर जातात, मालक वायूच्या काटकसरीवर संतुष्ट राहून पेट्रोलचा काटा तळाशी ठेवतो, आणि दिवसातून अर्धा मिनिट वापरले जाणारे इंजेक्टर चिकटून बसतात. अशा गाडीचा सकाळचा खडखडाट वायूचा नसून विस्मृतीत गेलेल्या पेट्रोलचा असतो. आठवड्यातून काही किलोमीटर ती जाणीवपूर्वक पेट्रोलवर चालवणे हा यावरचा स्वस्त बंदोबस्त आहे.

चौथी गोष्ट झिरपण्याची. येथे धूर हा सर्वांत विश्वासू साक्षीदार. सुरू होताच निळसर धुराचा एक झोत येऊन नाहीसा होत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सीले कडक होऊन रात्रभर तेल सिलिंडरमध्ये उतरले आहे. हा वार्धक्याचा दोष असून तो तातडीचा नसतो. पातळ पांढरी वाफ दोन मिनिटांत विरत असेल तर ती ज्वलनातून निर्माण झालेल्या पाण्याची आहे आणि निरुपद्रवी आहे. परंतु दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि कूलंटची पातळी बाहेर कोठेही गळती न दिसता कमी होत गेली, तर हेडगॅस्केटमधून पाणी सिलिंडरात शिरते आहे, असे समजून गाडी चालवणे थांबवावे आणि कॉम्प्रेशनची तपासणी करून घ्यावी. या चौघांपैकी विलंब सहन न करणारे प्रकरण हेच एक आहे.

यांखेरीज एक वर्ग असा आहे की ज्यात रात्रीने काहीच बिघडवलेले नसते, केवळ गार इंजिनाची खरी स्थिती संगणकाला कळत नाही. पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा विद्युत्-रोध गार असताना मोठा आणि तापल्यावर लहान असतो. वीस अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, तर ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास, असे त्याचे सामान्य प्रमाण आहे. तो बिघडून गार इंजिनाला गरम म्हणू लागला तर संगणक जादा पेट्रोल देत नाही आणि गाडी उपाशीपोटी थरथरते. स्कॅनर जोडून सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान हे दोन आकडे वाचावे. रात्रभर उभ्या गाडीत ते जवळजवळ समान असले पाहिजेत, आणि त्यांत मोठी तफावत असेल तर खोटी साक्ष देणारा सेन्सर सापडला. थ्रॉटल बॉडीत कार्बन साठला तर गार इंजिनाला लागणारी जादा हवा मिळत नाही. ती साफ करणे हे अल्प खर्चाचे काम आहे. हवेच्या नळ्यांचे रबर चिरले असेल तर ते गार असताना आकसून फट उघडते आणि इंजिनाजवळ कान नेल्यास बारीक सूं-सूं ऐकू येते. झाडाखालच्या गाडीत उंदीर-घुशी उबेला येऊन तारा आणि नळ्या कुरतडतात, म्हणून बॉनेटखाली कचरा, सालपटे किंवा लेंड्या आढळल्यास तारांची पाहणी सर्वांत आधी करावी.

२०१३ पासूनच्या मोटारींत आत्मनिदानाची व्यवस्था कायद्याने आवश्यक झाल्यामुळे चुकलेल्या ठोक्यांची नोंद संगणक स्वतः ठेवतो: पी ०३०० म्हणजे ठोके निरनिराळ्या सिलिंडरांत चुकत आहेत, आणि पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरात. हा आकडा कारागिराने वाचून दाखवला की पुष्कळ ठिकाणी त्या सिलिंडराची कॉइल लगेच बदलली जाते. वास्तविक त्या आकड्याने दोषाचे स्थान कळले, कारण कळलेले नाही. अशा वेळी इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडराची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवावी, आणि दुसऱ्या सकाळी नोंद पुन्हा वाचावी. नोंद ०३०१ वरून ०३०३ वर गेली तर कॉइल दोषी. जागची हलली नाही तर कॉइल निर्दोष असून प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांच्याकडे वळावे. एका रुपयाचाही माल न घेता मिळालेला हा पुरावा, नवी कॉइल घेऊन केलेल्या अंदाजापेक्षा अधिक भक्कम असतो.

तपास करताना काही पथ्ये पाळावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला विश्रांती द्यावी, कारण त्याची मोटर थोड्याच वेळात तापते आणि आत साठणारे न जळलेले पेट्रोल तेलात मिसळते व उत्प्रेरकाची हानी करते. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरी भरत असताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नेऊ नये. ठोके चुकत असलेली गाडी आठवडेच्या आठवडे तशीच हाकत राहणे म्हणजे शे-दोनशे रुपयांच्या दोषाचे रूपांतर उत्प्रेरकाच्या मोठ्या खर्चात करणे होय.

शेवटी सांगावयाचे ते कारागिराकडे जाण्याविषयी, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वाधिक दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. मालक सकाळी गाडी कशीबशी सुरू करतो, ती तापते, तिच्यातला दोष निघून जातो, आणि मग अर्ध्या तासाने तो ती गॅरेजमध्ये उभी करून तक्रार सांगतो. कारागिरासमोर त्या वेळी एक सुदृढ इंजिन उभे असते, आणि त्याच्या हाती अंदाजाखेरीज काही उरत नाही. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन रात्रभर तेथेच ठेवावी आणि सकाळी पहिला सेल्फ कारागिराने स्वतः मारावा, अशी तजवीज करावी. त्याच्या हाती एक कागदही द्यावा: गाडी किती तास उभी होती, पाऊस होता की नव्हता, सेल्फ जोरात फिरला की मंद, किल्ली तीनदा ऑन केल्याने फरक पडला का, धूर कोणत्या रंगाचा आला, वास आला का, थरथर किती वेळ टिकली आणि टाकीतले पेट्रोल किती जुने आहे. चार-पाच सकाळींच्या अशा नोंदी घेऊन जाणाऱ्या मालकाला अनुभवी कारागीर मनापासून मान देतो, कारण त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते. दुरुस्तीनंतर एका वेळी एकच भाग बदलला आहे याची खातरजमा करावी, काढलेला जुना भाग मागून घ्यावा, आणि गाडी पुन्हा रात्रभर उभी ठेवून सकाळी ती पहिल्याच सेल्फला, न थरथरता सुरू झाल्यानंतरच दुरुस्ती पूर्ण झाली असे मानावे.